वाटाण्याएवढा चंद्र

पौर्णिमेचा चंद्र हात लांब करून धरलेल्या कुठल्या वस्तूएवढा दिसतो? घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारते. सासूबाई म्हणाल्या, "भाकरीएवढा. कोजागरीला तर परातीएवढा." धाकटे दीर इंजिनिअर. त्यांनी मान तिरकी करून मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "वहिनी, टेनिसचा चेंडू. अगदी कमी म्हटलं तरी लिंबू." खरं उत्तर वाटाणा. ते कुणालाच पटत नाही, म्हणून मग डब्यातून एक वाटाणा काढायचा आणि गच्ची गाठायची. एक डोळा मिटून, हात ताठ करून, चिमटीत वाटाणा धरला की चंद्र सबंध झाकला जातो. वाटाणा पुरून उरतो. भावजींनी डोळा बदलून पाहिलं, हात बदलून पाहिला, शेवटी वाटाणाच तपासला. सासूबाई गच्चीवर आल्याच नाहीत. चंद्राला वाटाणा म्हणणाऱ्या सुनेबद्दल त्यांचं मत खालीच तयार झालं होतं.

हा नाद मला अमेरिकेच्या वायुदलामुळे लागला. १९५० च्या दशकात त्यांनी उडत्या तबकड्यांचे अहवाल कसे लिहायचे याची एक नियमावली काढली होती. तीत म्हटलंय की वस्तू केवढी दिसली हे सांगताना ती हातभर अंतरावर धरलेल्या एखाद्या वस्तूशी ताडून सांगा, आणि तीही आमच्या यादीतलीच घ्या. यादी अशी: टाचणीचं डोकं, वाटाणा, मग लहानापासून मोठ्यापर्यंत डॉलर-सेंटची नाणी, बेसबॉल, ग्रेपफ्रूट आणि सगळ्यात शेवटी बास्केटबॉल. लष्करी शिस्तीच्या कागदावर, रडार आणि उंचीच्या रकान्यांशेजारी हा बाजार मांडलेला बघून मला आधी हसूच आलं. पण मागचा विचार पक्का आहे. अंतर माहीत नसेल तर आकाशातली वस्तू किती मोठी हे कुणालाच सांगता येत नाही. जवळचा पतंग आणि लांबचं विमान डोळ्यात सारखीच जागा अडवतात. "बोईंगएवढी होती साहेब" हे वाक्य तपास करणाऱ्याच्या काही कामाचं नाही. वाटाणा कामाचा आहे.

तपासाची ही सगळी यंत्रणा १९४७ च्या जून महिन्यातल्या एका बातमीनंतर उभी राहिली. केनेथ अरनॉल्ड नावाच्या खासगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना तबकड्या केलं आणि देशभर तबकड्या दिसू लागल्या. वायुदलाने आधी प्रोजेक्ट साइन, मग ग्रज, आणि १९५२ मध्ये ब्लू बुक असे प्रकल्प काढले. ओहायोतल्या डेटन इथल्या राइट-पॅटरसन तळावर कार्यालय. ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट. तिकडच्या कॉलेजांत परीक्षेची उत्तरपत्रिका निळ्या पुठ्ठ्याची असते, तिच्यावरून हे नाव आलं. मला रपेल्टचा हा खट्याळपणा आवडतो.

त्याच रपेल्टने ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांकडून एक प्रश्नावली करून घेतली. ती मी चवीने वाचली आहे. तुम्ही घरात होता की गाडीत? शहरात की उघड्या माळावर? मध्ये चष्मा, खिडकीची काच, दुर्बीण यांपैकी काही होतं का? वस्तू कशाच्या मागून गेली का, कशाच्या पुढून आली का? चित्र काढा. किती वेळ दिसली, आणि त्या वेळेबद्दल तुमची खात्री किती? यापुढे निवडायला पर्याय: खात्री आहे, बऱ्यापैकी खात्री आहे, फारशी नाही, नुसता अंदाज. "नुसता अंदाज" हा पर्याय छापील फॉर्मवर देणारं दुसरं कुठलं सरकारी खातं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडचे फॉर्म जन्मतारीख विचारतानासुद्धा आपण खोटं बोलतोय असं धरून चालतात. हा फॉर्म माणसावर विश्वास ठेवतो आणि फक्त त्याच्या डोळ्यांवर शंका घेतो.

भरलेला फॉर्म आला की तो कुठल्या तरी रकान्यात बसवायचा. खगोलीय, विमान, फुगा, पुढे उपग्रह, मग पक्षी, ढग, सर्चलाइट वगैरे किरकोळ, "माहिती अपुरी", आणि उरलेलं "अनोळखी". खगोलीय रकान्यातली पट्टराणी म्हणजे शुक्र. आपण शुक्राची चांदणी म्हणून कौतुकाने बघतो ती हीच. क्षितिजाजवळ असली की हवेच्या थरांतून तिचा उजेड लाल-हिरवा लुकलुकतो. गाडीतून जाताना ती आपल्याबरोबर धावते. आणि काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की थोड्या वेळाने ठिपका हलायला लागतो. ठिपका नाही, आपला डोळा हलत असतो.

हे फक्त अमेरिकन खेड्यातल्या भोळ्या शेतकऱ्याचं होतं असं नाही. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात आपल्या लष्कराने सीमेवरच्या सरोवरावर अनोळखी प्रकाशाच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा तो प्रकाश प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आला अशी नोंद. चिनी ड्रोन असावेत हा संशय अगदीच रास्त. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी पहिली गोष्ट बघितली ती एवढीच, की हा प्रकाश ताऱ्यांच्या मानाने सरकतो की ताऱ्यांबरोबरच उगवतो-मावळतो. तपासाअंती दोन घुसखोर निघाले, शुक्र आणि गुरू. याची टिंगल बरीच झाली. मला ती पटली नाही. चौदा हजार फुटांवर, पातळ हवेत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, समोर शत्रू आहे हे मनात धरून पहारा करणाऱ्या जवानाला पलीकडच्या डोंगरावर एवढा झगझगीत दिवा दिसला तर त्याने नोंद करायचीच असते. करेक्ट केलं त्याने. नोंद करणं त्याचं काम, रकाना ठरवणं दुसऱ्याचं.

घोळ होतो तो दुसऱ्याकडून. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीमध्ये गॉडमन विमानतळावरच्या लोकांना आकाशात काहीतरी पांढरं, गोल दिसलं. त्या बाजूने एफ-५१ विमानांची तुकडी चालली होती, तिला बघायला सांगितलं. कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, त्याच्या मागे वर वर गेला. ऑक्सिजन नव्हता. सोबतचे वैमानिक मागे फिरले, तो चढत राहिला, शुद्ध हरपली असावी, आणि विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळलं. प्रोजेक्ट साइनने पहिलं उत्तर काय दिलं? शुक्र. शुक्र त्या वेळी साधारण त्याच दिशेला होताही. पण भर दुपारी शुक्र दिसतो तो कुठे बघायचं हे आधी नेमकं ठाऊक असेल तर, आणि तोही सुईच्या टोकाएवढा. विमानतळावरच्या माणसांना सहज वर बघून दिसेल असा नाही. काही वर्षांनी रपेल्टने फाइल पुन्हा उघडली तेव्हा फुग्याचा माग लागला. नौदल तेव्हा स्कायहूक नावाचे प्रचंड फुगे सोडत असे, वर गेल्यावर शंभरेक फूट रुंद होणारे. ते गुप्त होते, त्यामुळे वायुदलाच्या तपासनिसांना ते असतात हेच माहीत नव्हतं. एकाच सरकारच्या दोन खात्यांमध्ये एक तरुण वैमानिक गेला आणि रकान्यात बिचाऱ्या शुक्राचं नाव लागलं.

याच्या अगदी उलट प्रकार पुढे झाला. १९५५ पासून यू-२ हे हेरगिरीचं विमान साठ हजार फुटांच्या वर उडू लागलं. प्रवासी विमानं तेव्हा त्याच्या निम्म्या उंचीवरही जात नसत. सुरुवातीची यू-२ चंदेरी होती. खाली संध्याकाळ झालेली असताना वर त्यांच्यावर ऊन पडे आणि ती पेटल्यासारखी दिसत. वैमानिकांचे अहवाल येऊ लागले. ब्लू बुकचे अधिकारी सीआयएकडे चौकशी करून तारखा जुळवत आणि विमान सापडलं की पत्र लिहिणाऱ्याला कळवत, बर्फाचे स्फटिक, किंवा तापमानाचा उलटा थर, म्हणजे खाली थंड हवा आणि वर गरम. म्हणजे उत्तर ठाऊक असताना मुद्दाम चुकीचं उत्तर. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक अहवालांमागे ही विमानं होती असं सीआयएने १९९७ मध्ये छापलं. मला तो आकडा फुगवलेला वाटतो. एवढी विमानं आणि एवढी उड्डाणं होती तरी कुठे? पण पत्रांची ती पद्धत खरी, आणि तिने नंतरच्या कुठल्याही खऱ्या खुलाशाची पत घालवली.

मी कारकुनीत आयुष्य काढलं, तक्रारींचे अर्ज "निकाली" काढण्यात. त्यामुळे वायुदलाच्या वार्षिक गोषवाऱ्यातली हातचलाखी मला चटकन ओळखू आली. तपास करणारा फाइलवर लिहायचा "बहुधा विमान" किंवा "विमान असू शकेल". वर्षअखेरीस बेरीज करताना "बहुधा" गळायचं, "असू शकेल" गळायचं आणि उरायचं "विमान". अर्ज निकाली. ब्लू बुकचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी नंतर यावरच बोट ठेवलं. फॉर्म शहाणा होता, गोषवारा बेरकी.

हायनेक स्वतःही एका रकान्यात अडकले. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये आधी डेक्स्टर गावाजवळच्या पाणथळ जागेत आणि दुसऱ्या दिवशी हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींना दिवे दिसले. वायुदलाने हायनेकना पाठवलं आणि लगेच पत्रकार परिषद लावली. ते म्हणाले की या दोन ठिकाणी दलदलीतला वायू पेटला असण्याची शक्यता आहे. दलदलीत पाला कुजून वायू निघतो ही रसायनशास्त्रातली सरळ गोष्ट, आणि आपल्याकडेही कोकणात अशा दिव्यांना भुतांच्या हवाली करायची पद्धत आहेच. पण पत्रकारांनी "शक्यता" टाकून दिली आणि "दलदलीचा वायू" तेवढा उचलला. मिशिगनचे लोक भडकले: आम्ही काय दलदल बघितली नाही कधी? त्यांचे खासदार जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, काँग्रेसने सुनावणी घ्यावी म्हणून मागे लागले. सुनावणी झाली, मग कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांची समिती बसली, तिने यातून विज्ञानाच्या हाती काही लागणार नाही असं सांगितलं आणि १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुकचं दप्तर बंद झाल्याचं जाहीर झालं. एकूण अहवाल १२,६१८. अनोळखी ७०१.

या ७०१ वर दोन्ही बाजूंचे लोक तुटून पडतात. एक म्हणतात, बघा, आलेच होते परग्रहवासी. दुसरे म्हणतात, माहिती कमी पडली, एवढंच. दुसरं मला जास्त पटतं, पण पूर्ण नाही. माहिती कमी पडलेल्यांचा रकाना वेगळा होता ना! बॅटेल या संशोधन संस्थेने पंचकार्डांवर ३,२०१ अहवाल चढवून त्यांची प्रतवारी केली होती. अटकळ अशी होती की अहवाल जितका चांगला तितका खुलासा सोपा. निघालं उलट. उत्कृष्ट म्हणून ठरवलेल्या अहवालांतले साधारण एक तृतीयांश अनोळखी राहिले, आणि निकृष्ट अहवालांत हे प्रमाण त्याच्या निम्मंच होतं. यातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. पण "गावंढळ माणसांनी काहीतरी बघितलं" हा शेरासुद्धा टिकत नाही.

न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावचा पोलिस लॉनी झमोरा हा असाच. २४ एप्रिल १९६४, संध्याकाळची वेळ, वेगात पळणाऱ्या एका गाडीचा तो पाठलाग करत होता. मोठा आवाज झाला, ज्वाळा दिसली. जवळ डायनामाइटची खोली होती, ती उडाली असं समजून त्याने पाठलाग सोडला आणि खडकाळ वाटेने तिकडे गाडी घातली. लांबून काहीतरी पांढरट चमकलं. त्याला आधी वाटलं, एखादी गाडी उलटलीय, म्हणजे अपघात, म्हणजे मदत. मग अंड्याच्या आकाराची ती वस्तू, शेजारी पांढऱ्या कपड्यांतल्या दोन आकृत्या, पुन्हा गर्जना, आणि वस्तू वर उठून निघून गेली. जमिनीवर दाबल्याच्या खुणा आणि जळकी झुडपं मागे राहिली. ब्लू बुकचा शेवटचा प्रमुख हेक्टर क्विंटानिया हा तबकड्यांच्या बाबतीत पक्का नास्तिक माणूस. लष्कराचं एखादं गुप्त यान असणार म्हणून त्याने चंद्रावर उतरायच्या यानांपासून सगळं धुंडाळलं. काही हाती लागलं नाही. १९६६ मध्ये सीआयएच्या अंतर्गत नियतकालिकात त्याने लिहून टाकलं की नोंदींच्या दृष्टीने हे सर्वांत भक्कम प्रकरण आहे, झमोराने काहीतरी पाहिलं यात शंका नाही आणि ते काय होतं हे आम्हाला सापडलेलं नाही. त्या फाइलवर "बहुधा" नाही, शुक्रही नाही. झमोरा मात्र लोकांच्या प्रश्नांना इतका विटला की पोलिसातली नोकरी सोडून पेट्रोलपंपावर रुजू झाला.