‘गाडी कधी निघेल?’

इमर्जन्सी ब्रेक लावून गाडी थांबते. रुळावर माणूस आला होता. आणि कंट्रोलरूममधून पहिला प्रश्न येतो, “गाडी कधी निघेल?”

हा प्रश्न डोक्यातून जातच नाही.

ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. ब्रेक पूर्ण लावला तरी थांबायला कित्येकशे मीटर लागतात. बाजूला वळवायला स्टिअरिंग नाही. ब्रेक लावला, हॉर्न दाबला, की पुढचे काही सेकंद ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही. फक्त समोर बघणं. नंतर कुणाला ते दृश्य छळतं, कुणाला तो आवाज.

अशा वेळी त्याला तीच गाडी पुढे न्यायला लावू नये, बदली ड्रायव्हर द्यावा. केबिनमध्ये एकटं बसवू नये, घरी एकटं सोडू नये. तपशील खोदून खोदून तर मुळीच विचारू नयेत. पुन्हा ड्युटी सुरू होईल तेव्हा पहिल्या फेऱ्यांना एखादा अनुभवी सहकारी सोबत द्यावा, कारण गाडी पुन्हा त्याच जागेवरून जाणार असते!

झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं सुरुवातीला होतंच. तो दुबळेपणा नाही. पण महिना उलटूनही ते कमी होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. झोपेसाठी दारू नको. त्याने डोळा लागतो, पण झोप तुटक होते.

तुमच्यापैकी कुणी कंट्रोलरूममध्ये असेल, तर सांगा: तुमचं पहिलं वाक्य काय असतं?