कावेरीच्या पाण्यामागून तंजावर

तंजावरला जाणारी आपली मंडळी बहुतेक वेळा बृहदीश्वराचं देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय एवढं उरकून रामेश्वरची गाडी पकडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात तंजावरपासून करू नका. तिरुचिरापल्लीला उतरा, गाडी ठरवा आणि आधी सुमारे वीस किलोमीटरवरचा कल्लणै बंधारा बघा. तो पाहिला की पुढच्या देवळांचाही अर्थ लागतो.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी करिकाल या चोळ राजाने हा बंधारा बांधला असं मानतात. 19व्या शतकात इंग्रजांनी तो वाढवला. शेजारच्या कोल्लिडम नदीचं पात्र खोल असल्याने कावेरीचं पाणी तिकडे धाव घेतं. कल्लणै ते रोखून कावेरी, वेण्णार आणि कालव्यांत वाटतो. पुराचं जास्तीचं पाणी तेवढं कोल्लिडममध्ये सोडतात. पुढे पाटांचं जाळं थेट समुद्रापर्यंत जातं.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून 12 जूनला पाणी सोडायची प्रथा आहे. धरणात साठा असेल तर जून-जुलैत कुरुवै या कमी मुदतीच्या भाताची लावणी होते. सांबा हे लांब मुदतीचं भात जानेवारी-फेब्रुवारीत कापणीला येतं. कापणीनंतरच्या ओलीवर उडीद-मूग घेतात. आम्ही पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास गेलो होतो. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं, बायका अनवाणी पायांनी त्यात सऱ्या ओढत फिरत होत्या आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढे ढीगच्या ढीग. हिरवी शेतं बघायची असतील तर थोडं आधी जा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो हे लक्षात ठेवा.

आता बृहदीश्वर. राजराज चोळाने 1010च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ ग्रॅनाइटचं आहे आणि हा सगळा प्रदेश गाळाचा, म्हणजे दगड बाहेरून आणलेला. भिंतींवरच्या लेखांत कोणत्या गावाने देवळाला किती भात द्यायचं, याच्या नोंदी कोरल्या आहेत. मराठी माणसाने चुकवू नये असा लेख मात्र बराच नंतरचा आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत याच देवळात कोरवून घेतला. नैर्ऋत्येच्या बाजूला शोधा, सापडला नाही तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. वेळ काढून ओळी लावत बसा. घरापासून इतक्या लांब आपली भाषा दगडात वाचताना ऊर भरून येतो. मट्टू पोंगलला, म्हणजे पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या मोठ्या नंदीला भाज्या-फळांनी मढवतात. गर्दी होते, तरी जाच.

कुंभकोणमला मुक्काम करा. दारासुरमचं चोळकालीन देऊळ अगदी जवळ आहे, गंगैकोंडचोळपुरमचं गाडीने तासाभरावर. पण थोडाच वेळ असेल तर मी स्वामीमलैला प्राधान्य देईन. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओततात. कारागीर नारळाच्या झावळीची पाती दुमडून मूर्तीची मापं घेतो, मेणाची मूर्ती घडवतो आणि तिच्यावर कावेरीकाठच्या बारीक गाळाचे थर चढवतो. साचा भाजला की मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. भात पिकवणारी मातीच नटराजाच्या बोटांची नखंसुद्धा उमटवते. कारखान्यात शिरण्याआधी विचारा, फोटोलाही परवानगी घ्या.

देवळं दुपारी साधारण बारा-साडेबारा ते चार बंद असतात, म्हणून सकाळी लवकर निघा आणि दुपार प्रवासाला ठेवा. उन्हात फरसबंदी पोळते, जाड मोजे जवळ असू द्या. हिंदी फारशी चालत नाही. गावांची नावं तमिळमध्ये लिहून घेतलीत तर बसने फिरणं सोपं जातं. तंजावर-कुंभकोणम बस भरपूर आहेत. सरस्वती महालात संग्रहालयाचा भाग पाहता येतो. मोडी कागदपत्रं किंवा हस्तलिखितं अभ्यासायची असतील तर निघण्याआधीच ग्रंथालयाशी पत्रव्यवहार करा.