नौकेचे कवच: पिळलेल्या चौकोनांचे क्षेत्रफळ

एकाच नौकेच्या कवचाची दोन वेगळी क्षेत्रफळे का येतात, या मागच्या नोंदीत अडून राहिलेल्या कोड्याचा उलगडा झाला आहे, मात्र त्या उलगड्याने नौकेच्या पुढच्या भागाचा आराखडाच बदलायला लावला. प्लायचे दर चौरस सेंटिमीटर वजन हाताशी असल्यामुळे कवचाचे क्षेत्रफळ कळले की वजनाचा हिशेब पुरा होणार होता. परंतु ब्लेंडर या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरच्या एडिट मोडमधील ‘फेस एरिया’ हा ओव्हरले (आकृतीवरच आकडे दाखवणारा थर) एक बेरीज देत होता आणि त्यातल्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले फेसचे, म्हणजे पृष्ठभागाच्या एकेका तुकड्याचे, क्षेत्रफळ काढणारे फंक्शन दुसरी, नेहमी थोडी कमी. स्केल (मापाचा गुणक) अप्लाय केलेले, म्हणजे आकारातच मुरवलेले, होते आणि एन-पॅनेलमध्ये (बाजूच्या पट्टीत) प्रत्यक्ष मापांसाठीचे ‘ग्लोबल’ निवडलेले होते, त्यामुळे नेहमीचे दोन्ही संशयित सुरुवातीलाच बाद झाले. तळाच्या सपाट फेसचे आकडे तंतोतंत जुळत होते. तफावत होती ती फक्त नाळेजवळ (नौकेच्या पुढच्या टोकाशी), जिथे चौकोन पिळलेले आहेत.

मग सगळी नौका बाजूला ठेवली आणि एकच चौकोन घेतला: बाजू १, तीन कोपरे जमिनीवर, चौथा कोपरा सरळ वर १ ने उचललेला. असा चौकोन एका प्रतलात बसत नाही, म्हणून ओव्हरले त्याचे दोन त्रिकोण करून त्यांची क्षेत्रफळे मिळवतो. उचललेल्या कोपऱ्यातून जाणारा कर्ण धरला तर उत्तर १.४१४ येते आणि दुसरा कर्ण धरला तर १.३६६. कोणता कर्ण धरला जाईल हे बहुतेक वेळा शिरोबिंदूंच्या क्रमावर ठरते, त्यामुळे दिसायला अगदी सारखे असलेले दोन फेसही वेगवेगळी क्षेत्रफळे दाखवू शकतात. पायथनचे फंक्शन त्रिकोण करतच नाही. ते कडांच्या सदिश गुणाकारांची बेरीज करून तिच्या लांबीचा निम्मा भाग देते, म्हणजे जणू चौकोनाची सरासरी प्रतलावर पडलेली सावली मोजते. तिथे उत्तर १.२२५. आणि चार कडांमध्ये सलग ताणलेला गुळगुळीत पृष्ठभाग गणिताने मोजला, तर १.२८१. एका चौकोनाची चार उत्तरे, आणि प्रत्येक आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर!

सबडिव्हिजन मॉडिफायर (एका चौकोनाचे चार करणारी सोय) ‘सिंपल’वर, म्हणजे आकार गुळगुळीत न करता, ठेवून एक पातळी वाढवली आणि तो अप्लाय केला, तेव्हा दोन्ही कर्णांची उत्तरे १.३१४ आणि १.३०२ वर आली. दर पातळीला चूक साधारण एक चतुर्थांश होत जाते, म्हणून तीन-चार पातळ्यांनंतर वजनापुरता वाद उरत नाही. (जाळी बारीक केली की क्षेत्रफळ खऱ्या उत्तराकडे जातेच, असे मात्र कोणी समजू नये. गणितज्ञ हेर्मान श्वार्ट्झ यांनी १८८० च्या सुमारास दंडगोलावर अशी त्रिकोणांची रचना दाखवली की ती बारीक करत जाताना क्षेत्रफळ हवे तेवढे वाढवता येते. त्रिकोण चपटे आणि उभे होत गेले की हे घडते. आपली चौकोनांची जाळी त्यातून वाचते.)

इथपर्यंत आल्यावर सगळ्या कवचाला तीन पातळ्या देऊन बेरीज करावी, असे ठरवले होते. हे लिहिता लिहिता मात्र वाटले की प्लाय त्या आकारात बसणार आहे का, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. सपाट पत्रा वाकतो, पण ताणला जात नाही. त्यामुळे पृष्ठभागाच्या आतल्या कोणत्याही शिरोबिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश यायला हवी. हे तपासायला वेगळे ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) लागत नाही: मेश, म्हणजे फेसची जाळी, ट्रँग्युलेट करायची (तिचे त्रिकोण करायचे), ‘फेस अँगल’ ओव्हरले लावायचा आणि त्या बिंदूपाशी दिसणारे कोन मिळवायचे. वरच्या चौकोनाला एक पातळी देऊन मधल्या बिंदूपाशी, १.३१४ देणाऱ्या कर्णांनी, बेरीज केली तर सुमारे ३६७.९ अंश येते. जवळजवळ आठ अंशांचे जादा लाकूड प्लाय कुठून आणणार? तो तिथे चिरेल किंवा चौकटीपासून उचलला जाईल.

त्यामुळे नाळेजवळच्या फळ्या आता नव्याने काढतो आहे, या वेळी न ताणता सपाट उलगडता येतील अशा, शंकूच्या तुकड्यांसारख्या पट्ट्यांच्या रूपात. त्यांचे क्षेत्रफळ कागदावर उलगडूनही मोजता येईल, म्हणजे ओव्हरलेच्या आकड्याची पडताळणी आपोआप होईल.

तळ आणि बाजू मिळतात त्या कडेचे काम मात्र मनासारखे झाले. ‘एज अँगल’ हा ओव्हरले दोन फेसच्या लंबांमधला कोन दाखवतो, म्हणजे सपाट जोडाला शून्य. मध्यावर तो ३८ अंश आहे. म्हणून फळ्यांमधला प्रत्यक्ष कोन १४२ आणि प्रत्येक फळीची कड १९ अंशांनी तासायची. तसे तासलेले दोन तुकडे जोडून उजेडासमोर धरले, तर फटीतून प्रकाश येत नाही. मेजर टूलचा (ब्लेंडरच्या मोजणीच्या साधनाचा) कोनमापक याच जागी वापरायचा तर स्नॅपिंग (बिंदूला आपोआप चिकटणे) धरून तीन बिंदू नेमके लावावे लागतात, आणि ते कडेला काटकोनात नसले की आकडा हलतो. या कामासाठी ओव्हरलेच अधिक भरवशाचा वाटतो.

पुढच्या नोंदीत उलगडलेल्या पट्ट्यांची मापे देईन. नाळेच्या टोकाशी एकच शंकू पुरेल की दोन लागतील, हे अजून ठरलेले नाही. ज्यांनी अशा पट्ट्या आखल्या आहेत त्यांनी शंकूचा शिरोबिंदू कुठे धरला, ते जरूर कळवावे.