दर चौथ्या ब्लॉकला एक आडवी

जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि गडहिंग्लजहून चार दिवसांसाठी आलेला भाचा कसबा बावड्यातल्या आमच्या घरी दहा दिवस अडकला. त्या दहा दिवसांत आम्ही दोघांनी एक खाण खणली. टेराफर्माक्राफ्टमधली.

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या, म्हणजे ब्लॉकच्या, जगाचा कॉम्प्युटर गेम. साध्या माइनक्राफ्टमध्ये वाळू आणि खडी सोडली तर जवळपास काहीच पडत नाही. डोंगराच्या पोटात अख्खं मैदान पोकळ करा, वरचा दगड हवेत तसाच राहतो. टेराफर्माक्राफ्ट हा त्याच गेमवर बसवायचा मॉड, म्हणजे गेमचे नियम बदलणारी जोड, आहे आणि त्यात दगडाला वजन असल्यासारखं वागावं लागतं. नैसर्गिक खडकाचा ब्लॉक फोडला की आजूबाजूचं आधार नसलेलं छत ढासळू शकतं. मूळ सेटिंगमध्ये ही शक्यता दर ब्लॉकला १० टक्के असते. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण सलग वीस ब्लॉक असेच उघड्या छताखाली काढले, तर सुखरूप राहण्याची शक्यता शंभरात जेमतेम बारा उरते. हा हिशेब मी नंतर मांडला. आधी मांडायला हवा होता.

पहिल्या दिवशी जमिनीवर विखुरलेले तांब्याचे खडे गोळा केले. एका खड्यातून १० युनिट तांबं निघतं आणि कुदळीच्या पात्याला १०० लागतं, म्हणजे दहा खडे. मातीच्या भांड्यात ते वितळवायचे, साच्यात ओतायचे, पातं थंड झालं की दांडा बसवायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं ओतकाम लहानपणापासून बघितलेल्या माणसाला हा भाग फार आवडतो. ती कुदळ घेऊन भाचा डोंगरात शिरला. पंधरा-एक ब्लॉक निघाले असतील, तेवढ्यात वरून गडगडल्यासारखा आवाज आला. त्यानं मान वर केली आणि पडदा लाल झाला.

मेल्यावर अंगावरचं सगळं सामान तिथंच पडतं आणि पाच मिनिटांत नाहीसं होतं. आम्ही धावलो. पण कोसळलेला खडक आता सुट्ट्या दगडांचा ढीग झाला होता, आणि असे सुटे दगड बाजूलाही घसरतात. भाचा खालचा दगड काढायचा, की वरचा त्याच जागी यायचा. "मामा, हे संपतच न्हाई!" तो अक्षरशः रडकुंडीला आला होता. ढीग उपसायचा तर वरून उपसायचा, हे मला कळेपर्यंत पाच मिनिटं होऊन गेली. कुदळ गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा खडे शोधून या वेळी आधी करवत केली. छताला आधार द्यायचे सपोर्ट बीम ओंडक्यांपासून बनतात आणि त्याला करवतच लागते. कुदळीच्या आधी करवत, हा क्रम मी आता कुणालाही सांगेन. मग नव्या कुदळीनं बोगद्यात शिरलो आणि दर तीन ब्लॉकला भिंतीला लागून खांब उभे करत गेलो. दोन्ही बाजूंनी खांबांची रांग, बघायला छान. छत पुन्हा कोसळलं.

आमचे आप्पा तीस वर्षं सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना खालून आधार उभा करायचं, काम करतात. पावसात काम बंद, त्यामुळं ते घरीच होते, पेपर घेऊन आमच्या मागच्या खुर्चीत बसलेले. गेममध्ये त्यांना रस नव्हता, पण छत पडल्याचा आवाज आला आणि त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडं बघितलं.

"हे खांब कशाला हुबे केलाईस?"

"छताला आधार म्हणून."

"आन् आडवं कुठाय? नुसता धिरा हुबा करून स्लॅब ऱ्हातोय व्हय? वरचा भार आडव्यावर येतोय, आडव्यावरनं धिऱ्यावर."

गेमचा नियम नेमका तोच निघाला. धिरा, म्हणजे उभा खांब, छत धरत नाही. दोन खांबांच्या मध्ये जो आडवा बीम बसतो, तोच आजूबाजूचा खडक धरतो. दोन खांबांमधलं अंतर पाच ब्लॉकच्या वर जाऊन चालत नाही. आम्ही तीन रुंद आणि तीन उंच बोगदा धरला, दोन्ही कोपऱ्यांत तीन-तीन उंचीचे खांब आणि अगदी वर, छताला भिडून, मधोमध एक आडवी. खालून एक माणूस आरामात जातो.

आता अंतराचा प्रश्न. आडव्या बीमचा आधार चारी बाजूंना चार-चार ब्लॉक आणि वर-खाली एक-एक पोचतो. म्हणजे ९ बाय ९चा पट्टा, तीन ब्लॉक उंचीचा. भाच्यानं लगेच गणित केलं: चार मागं, चार पुढं, एक स्वतःचा, तर दर नऊ ब्लॉकला एक आडवी पुरे, लाकूड वाचेल. वहीत चौकोन काढून दाखवलं, आणि तयार बोगद्यासाठी ते बरोबरच होतं. तयार होण्याआधीच काय होतं, ते वहीत दिसत नव्हतं.

आप्पांनी वही हातात घेतली. शेवटच्या आडवीपासून पुढं नखानं एक-एक चौकोन मोजला. चारपर्यंत आले आणि नख तिथंच टेकवलं. "हितनं पुढं तू कशाखाली हुबा हाईस?"

पाचव्या ब्लॉकपासून खणणारा उघड्या छताखाली असतो, आणि धोका खणतानाच असतो. नवव्या जागी आडवी बसवायला पोचेपर्यंत पाच ब्लॉकांची रांग आधाराविना फोडावी लागते, आणि रांगेत नऊ ब्लॉक, म्हणजे पंचेचाळीस वेळा ती दहा टक्क्यांची पाळी येते. म्हणून चार खणायचे, चौथ्यावर खांब आणि आडवी, मगच पाचव्याला कुदळ लावायची. लाकूड दुपटीपेक्षा जास्त जातं. जाऊ दे. आम्ही बोगद्याच्या तोंडाशी ओंडक्यांची पेटीच ठेवली.

मागची आडवी काढून पुढं वापरायचा मोह भाच्याला एकदा झाला. आप्पांना ते विचारायची हिंमत त्याला झाली नाही. आमच्या घरात स्लॅबखालचे धिरे दिवस भरायच्या आत काढणं हा विषयच निघत नाही. गेममध्ये तर छताचा दगड कितीही दिवस गेले तरी मुरत नाही, आडवी काढली की तो भाग पुन्हा उघडा. रोजच्या जाण्यायेण्याच्या तोंडाशी मात्र आम्ही छतालाच दगडी विटा लावल्या. त्या कोसळत नाहीत.

आठव्या दिवशी रात्री तांब्याच्या शिरेपर्यंत पोचलो. हिरवट मॅलकाइट दिसायला लागलं आणि मी दोन ब्लॉक काढले, तेवढ्यात पुन्हा तोच गडगडाट. भाच्यानं माझं मनगट घट्ट धरलं. आवाज डावीकडून येत होता. तिथं भिंतीपलीकडं नैसर्गिक गुहा होती, आम्हाला न दिसलेली. आपण फोडलेल्या ब्लॉकपासून चार ब्लॉकांच्या आतलं कुठलंही आधाराविना छत कोसळायला सुरुवात करू शकतं, आपलंच असं नाही. पलीकडं दगड पडत राहिले. आमच्या डोक्यावरची आडवी आणि तिच्या वरचा खडक जागचा हलला नाही. आम्ही दोघं तसेच बसून होतो, आवाज थांबेपर्यंत. मग भाचा उठला, त्या भिंतीजवळ दोन खांब उभे केले, वर आडवी टाकली आणि म्हणाला, "आता काढ, मामा."

सकाळी पाणी उतरायला लागल्याची बातमी होती. आप्पा चहाचा कप घेऊन आले.

"काल किती हात आत गेलासा?"

"अठ्ठावीस ब्लॉक, आजोबा."

"आन् आडव्या?"

"सात. डावीकडची धरून आठ."

आप्पांनी मान हलवली आणि पेपर उघडला.