'क्विक'मधला दुसरा 'क'

पुढची नोंद 'सॅड' (sad) या इंग्रजी शब्दावर लिहायची असे ठरले होते. परंतु काल रात्री इंग्रजी 'क्विक' (quick) या शब्दामधल्या दुसऱ्या 'क'चे कोडे बऱ्याच अंशी सुटले, त्यामुळे 'सॅड'ची कार्डे बाजूला ठेवून आधी हेच लिहीत आहे.

प्राचीन इंग्रजीत 'क्विक' या विशेषणाचा अर्थ 'जिवंत' असा होता आणि वेगाचा अर्थ इ. स. १३०० च्या सुमारास पुढे आला, हे आपण मागे पाहिले आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या वचनाला 'क्विक' म्हटले आहे, तेथे आजचा वाचक हमखास फसतो. मराठी बायबलात त्याच जागी 'सजीव' हा नेमका शब्द आहे.

अडचण अर्थाची नव्हतीच, ध्वनीची होती. मूळ भारोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतल्या, शब्दाच्या आरंभीचा 'ग्व' ग्रिमच्या नियमाने (व्यंजनांच्या ठरावीक बदलाच्या नियमाने) इंग्रजी जिच्यात मोडते त्या जर्मॅनिक शाखेत 'क्व' झाला आणि संस्कृतात पुढच्या इकारामुळे 'ज' झाला, येथवर सारे सरळ आहे. मात्र संस्कृत 'जीव', लॅटिन 'वीवुस', लिथुआनियन 'गीवस' यांच्या मध्यभागी केवळ 'व' असताना इंग्रजीत शेवटी 'क' कोठून आला? तो एखादा प्रत्यय असावा असे धरून मी कित्येक आठवडे चुकीच्या दिशेने शोधत राहिलो. बॉसवर्थ-टोलर हा प्राचीन इंग्रजीचा कोश जुन्या वापरांसाठी अत्यंत भरवशाचा आहे, पण या प्रश्नावर त्याचा उपयोग होत नाही. फुकटची व्युत्पत्ति-संकेतस्थळे तारांकित (म्हणजे लेखी पुरावा नसलेला, अनुमानाने मांडलेला) धातू देऊन थांबतात. आणि एका विक्रेत्याकडून मागवलेल्या जुन्या व्याकरणात नेमकी ध्वनिविचाराचीच पाने गहाळ निघाली.

उत्तर मिळाले ते भाषाशास्त्रज्ञ वॉरन काउगिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात. मूळ शब्दात 'व'च्या आधी एक लॅरिंजियल, म्हणजे घशाकडचा लुप्त व्यंजनध्वनी होता. तो जर्मॅनिकमध्ये घट्ट होऊन 'क' झाला, तर संस्कृतात जाता जाता आधीच्या 'इ'ला दीर्घ करून गेला. 'जीव'मधली दुसरी वेलांटी आणि 'क्विक'मधला अखेरचा 'क' या एकाच ध्वनीच्या दोन खुणा आहेत, हे लक्षात आले तेव्हा मी दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून बराच वेळ नुसता पाहत बसलो.

तरीही काम पुरे झालेले नाही. या नियमाची उदाहरणे मोजकीच आहेत. 'आम्हां दोघांना' या अर्थाचे प्राचीन इंग्रजी 'उंक' हे त्यांतले दुसरे ठळक उदाहरण. शिवाय गॉथिक या जुन्या जर्मॅनिक भाषेतील 'क्विउस' या रूपात दुसरा 'क' मुळीच नाही, आणि त्याचे मला पटेल असे स्पष्टीकरण अजून हाती आलेले नाही.

समासांची यादी मात्र झपाट्याने वाढली. 'क्विकसिल्व्हर' हे लॅटिनमधल्या 'जिवंत चांदी'चे सरळ भाषांतर. नखाखालचे हुळहुळे मांस तेही 'क्विक', आणि तेथवर कापले जाणे म्हणजे आपले 'जिव्हारी लागणे'. हे लिहिताना सुचले, की जुन्या इंग्रजीत वाहते पाणी आणि पेटता कोळसाही 'क्विक' असे, आणि मराठीतही झरा व निखारा जिवंतच असतात. तेव्हा 'सॅड' आणखी लांबणीवर टाकून आधी दोन्ही भाषांतल्या अशा जिवंत वस्तूंची कार्डे करावयास घेतो, पहिले झऱ्याचे.