वीणा खाली ठेवायची नसते

माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मी मात्र आजवर रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडणाऱ्यांतलाच होतो. यंदा शेजाऱ्यांच्या ओळखीने परभणीकडच्या एका दिंडीबरोबर पुणे ते सासवड एवढाच टप्पा चाललो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांपुढे याला वारी म्हणणे धाडसाचेच आहे. पण वाटेतल्या मोठ्या मजलांपैकी ही एक, आणि तिच्यात दिवे घाट आहे.

कार्यालयात माझ्या हाताखाली चाळीस माणसे असल्यामुळे असेल, पहाटे दिंडीत उभा राहताच इथे हुकूम कोणाचा चालतो, हे मी नकळत शोधू लागलो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि मागे तुळशीवृंदावन व पाण्याचे हंडे डोक्यावर घेतलेल्या बायका, अशी रांग कोणी आवाज न चढवता लागली. त्यातल्या त्यात मान वीणेकऱ्यांचा. हे सत्तरीचे कोरडवाहू शेतकरी. पण त्या मानाचा एकच वेगळेपणा मला दिसला, तो म्हणजे हडपसरला सगळे चहाला बसले तरी ते उभेच होते.

"काका, थोडा वेळ टेकवा की ती."

"माउली, ही खाली ठेवायची नसते. थकलो की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची."

तासाभराने त्यांनी ती विशीतल्या एका मुलाच्या गळ्यात घातली. मुलगा त्यांच्या पाया पडला आणि लगेच तेही वाकून त्या पोराच्या पाया पडले. आमच्याकडे पदभार देताना यादीवर सह्या होतात, आणि जाणारा माणूस निदान एक तरी किल्ली द्यायची विसरतो.

तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरकडे वळली आणि आम्ही सासवडच्या रस्त्याला लागलो. दुपारच्या जेवणाला माझ्यातला अधिकारी जागा झाला. पंगत रेंगाळते आहे असे वाटून मी दोन रांगा करायला लावल्या, आणि ट्रकमधून सामान उतरवणाऱ्या एका गृहस्थांना "मामा, ती ताडपत्री इकडे ओढा," असेही सांगितले. त्यांनी ती निमूटपणे ओढली. माझ्या घाईत सुरुवातीला हात सैल सुटला आणि शेवटी भाकऱ्या कमी पडल्या. सगळे उठल्यावर ते मामा उरलेल्या आमटीत चुरमुरे कालवून जेवताना दिसले. तेच दिंडीचालक होते, आणि त्यांची पाळी रोजच शेवटची असते, हे मला वाढणाऱ्या बाईंनी सांगितले. माफी मागायला गेलो तर म्हणाले, "ताडपत्री बरोबर जागी आली की. ऊन तिकडूनच येत होतं."

घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. खाली मस्तानी तलाव दिसू लागला तेव्हा माझी टाच सोलली होती आणि मी कठड्याला टेकलो होतो. वृंदावन घेतलेल्या साठीच्या मावशी थांबल्या. त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड होते. आदल्या रात्री त्यांतून सुईदोरा ओवून पाणी काढल्याचे त्यांनी पाऊस किती झाला हे सांगावे तशा सुरात सांगितले. डोक्यावरचे वृंदावन एका हाताने सावरत त्यांनी कमरेची चिंधी काढून मला दिली आणि म्हणाल्या, "बसू नका, बसलं की पाय आखडतात. हळू चला, पण चला." पुढच्या वळणापर्यंत त्या माझ्या चालीने चालल्या. त्यामुळे त्यांची ओळ मागे पडली, ती त्यांना नंतर धावत गाठावी लागली.

सासवडच्या तळावर संध्याकाळी समाज आरतीला दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या. चोपदारांनी चोप वर केला आणि तो अफाट टाळ-मृदंगाचा कल्लोळ एका क्षणात थांबला. एका कोपऱ्यात मात्र एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला तो बेशिस्तपणा वाटला. शेजारी उभ्या दिंडीचालकांनी हलकेच समजावले की ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, आणि तिचे ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. चोपदार स्वतः गर्दीतून वाट काढत त्या कोपऱ्यात गेले. एवढा मोठा समाज, तिष्ठत, कोणाच्या तरी लहानशा गाऱ्हाण्यासाठी उभा होता. तक्रार काय होती, ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही. टाळ थांबले, चोपदार परत आले आणि आरती सुरू झाली.