अमेरिकेचं लायसन्स आणि दापोली-रत्नागिरी रस्ता

न्यू जर्सीत बारा वर्षं गाडी चालवतेय, पण माझं भारतातलं लायसन्स कधीच संपलंय. तरी या सुट्टीत आईला दापोलीहून रत्नागिरीला मीच न्यायचं ठरवलं होतं, तेही किनाऱ्याकिनाऱ्याने.

कागदपत्रं निघण्याआधीच करा. अमेरिकेच्या लायसन्सवर भारतात गाडी चालवायला लागणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशात मिळतं. दापोलीत पोचल्यावर आठवून उपयोग नाही. मी ट्रिपल ए (AAA) या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या ऑफिसात लायसन्स आणि दोन फोटो घेऊन गेले. परमिट वर्षभर चालतं, पण मूळ लायसन्स सोबत हवंच. गाडी मामाची होती. भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात दिली तरी नको, अपघात झाला तर विम्याचं भिजत घोंगडं होतं.

पहिले दोन दिवस पहाटे दापोलीतल्या आझाद मैदानाभोवती फेऱ्या मारल्या. क्लच, ब्रेक जागच्या जागी, पण गियर डाव्या हाताला, आणि सिग्नल द्यायला गेलं की वायपर सुरू! त्याची सवय तासाभरात झाली. डाव्या बाजूचा अंदाज यायला मात्र वेळ लागला. मी सारखी डावीकडे सरकत होते आणि चाक साइडपट्टीवरून उतरत होतं.

खरा धोका वेगळाच निघाला. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो, गुहागरला चहा घेतला. निघाले ती थेट उजव्या बाजूने. रस्ता रिकामा, त्यामुळे चूक कळेना. मामा ओरडला, "अगो, डावीकडे!" समोरच्या वळणावरून एसटी येत होती. हात अजून थरथरतात आठवलं की. त्यानंतर नियमच केला: दर थांब्यानंतर गाडी सुरू करताना शेजारच्याने मोठ्याने "डावीकडे" म्हणायचं. एकटे असाल तर स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा.

आणखी एक. अमेरिकेत समोरच्याने लाइट मारला की "तुम्ही जा". इथे बहुतेक वेळा "मी येतोय, थांब". अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी जाऊ द्या, आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. तो इथे उद्धटपणा नाही.

हेदवी, वेळणेश्वरकडे मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. फेरीबोटीसाठी सुटे पैसे हवेत, परदेशातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांकडे यूपीआय नसतं. तवसाळच्या धक्क्यावर जयगडला जाणाऱ्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच फोन करून विचारून घ्या. ती चुकली तर जयगड समोर दिसत असूनही शास्त्री नदीला वळसा घालून जावं लागतं, तोही अंधारात, रस्त्यात बसलेल्या गुरांमधून. आम्ही सातला निघालो म्हणून आरे-वारेचा समुद्र उजेडात दिसला.